छावणीतलं लगीन आणि गंगासागरचं तोंड

शिवकन्याचं लगीन छावणीत लागणार हे कळलं, तेव्हा गंगासागरनं हातातलं दुधाचं माप तसंच टेबलावर ठेवलं आणि टाळ्या वाजवल्या. रांगेत उभ्या असलेल्या दूधवाल्यांना वाटलं, फॅटचा भाव वाढला.

"छावणीत? म्हंजी गाई-म्हशीच्या मधी? आगं माय, मग तर मी दिवस उगवायच्या आत येते!"

"इतक्या सकाळी कावून? मुहूर्त तर गोरज..."

"गोरजाचा हाय, ठाऊक हाय मला. म्हणून काय झालं? नवरीजवळ कुनी नको का?"

शिवकन्या हसली. तिचं वाक्य नेहमीसारखं अर्ध्यावर राहिलं आणि गंगासागरनं ते नेहमीसारखं उचललं. तेलगावच्या त्या दूध संस्थेत दोघी शेजारी शेजारी बसायच्या. शिवकन्या दूध मोजायची, गंगासागर फॅट काढून पावती द्यायची. एक सावकाश, एक झपाट्याची. अध्यक्ष सुंदरराव म्हणायचे, या दोघी मिळून एक माणूस होतो, पण चांगला होतो.

त्या साली पाऊस नुसतं तोंड दाखवून गेला होता. माजलगावचं धरण तळाला टेकलं, ऊस जाग्यावर वाळला आणि लोक घराला कुलपं लावून जनावरांसकट छावण्यांत येऊन राहिले. दूध संस्थेनंही दिंद्रुडच्या अलीकडच्या माळावर छावणी काढली होती. शिवकन्याचे वडील आश्रुबा संक्रांतीपासून तिथंच होते. दोन म्हशी, एक गाय, बैलजोडी आणि सगळं बिऱ्हाड शेडनेटखाली. गावातल्या विहिरीला पाणी नाही, आडाला नाही, मग लेकीचं लगीन घरी लावायचं कसं? लगीन पुढं ढकलावं म्हणून आश्रुबा सुंदररावांकडं गेले, तर ते म्हणाले, "ढकलता कशाला? हितंच लावा. सावली हाय, टँकर येतो, आन वऱ्हाड म्हणाल तर सगळी छावणीच तुमचं वऱ्हाड."

असं ते ठरलं. आणि गंगासागरला झोप लागेना.

खरं तर लग्नाला जायचं म्हटलं की ती एरवी चार निमित्तं काढायची. तिला लग्नं आवडत नव्हती असं नाही. तिला स्वतःच्या तोंडाची भीती वाटायची. तशा तिच्या खोडी बऱ्याच. खोलीला कुलूप लावलं की ते ओढून ओढून बघायची आणि वर त्याला "बस हां नीट" असं सांगायची. पोळीचे काठ आधी खायची, मधला मऊ भाग शेवटाला. एसटीच्या आधी स्टँडवर जाऊन बसायची आणि एसटी आली की जागा धरायच्या भानगडीत पिशवी बाहेरच विसरायची. पण ह्या सगळ्या खपून जाणाऱ्या. न खपणारी खोड एकच. समोरचा माणूस बोलता बोलता थांबला, की त्याचं वाक्य ती पुरं करायची. तिला राहवायचंच नाही. उघडं राहिलेलं दार दिसलं की लोटावं, तसं.

ही खोड लागली घाटनांदूरला, तिच्या वडलांच्या दुकानात. रुद्रप्पांचं किराणा दुकान बाजाराच्या तोंडावर. शाळेतून आली की गंगासागर गल्ल्याशेजारी बसायची. गिऱ्हाईक म्हणायचं "पावशेर...", ती म्हणायची "शेंगदाने!" गिऱ्हाईक म्हणायचं "ते आपलं ते...", ती म्हणायची "हिंगाची डबी!" आप्पा खूश, गिऱ्हाईक खूश. पोरगी लई चलाख म्हणून कौतुक व्हायचं. पण दुकानात चाललेली चलाखी दुकानाबाहेर चालेना. दहावीला असताना हेडमास्तरांचं निरोपाचं भाषण तिनं पहिल्या रांगेत बसून तीन ठिकाणी पुरं केलं होतं.

आणि मग गेल्या वर्षी तिला बघायला लातूरकडचा मुलगा आला. चहा झाला, नाव-शिक्षण विचारून झालं. मुलगा मान खाली घालून म्हणाला, "मला... जरा..."

"एकटीशी बोलायचंय? चला की!" म्हणून गंगासागर उठलीसुद्धा.

त्या बिचाऱ्याला उचकी लागली होती. त्याला पाणी पाहिजे होतं.

चार दिवसांनी निरोप आला, मुलगी फार पुढची आहे. आप्पा हसले, पण आई बसम्मा महिनाभर बोलली नाही. म्हणून लग्नाच्या आदल्या संध्याकाळी आईचा फोन आला, तेव्हा गंगासागर गुमान ऐकत राहिली.

"जायलीस ते जा. पर तोंडात सुपारीचं खांड धरून बस. चावायचं न्हाई, गिळायचं न्हाई. सुपारी तोंडात असली की मानूस कमी बोलतो. लोकाचं लगीन हाय, तिथं तुझ्या तोंडानं इघ्न नको."

"बरं आव्वा," गंगासागर म्हणाली, आणि खरंच सुपारीचं खांड पदराच्या गाठीला बांधून झोपली.

दुसऱ्या दिवशी ती छावणीत पोचली तेव्हा नवरी झोपलेली होती. नवरीच काय, दावणीला बांधलेल्या म्हशीसुद्धा अजून बसून रवंथ करत होत्या. जागी होती ती फक्त छबुबाई, शिवकन्याची आत्या. धिप्पाड बाई, आवाज हलगीसारखा. तिनं गंगासागरला वरपासून खालपर्यंत बघितलं. पोपटी साडी, मोगऱ्याचा गजरा, हातात दोन पिशव्या.

"लगीन तुझं हाय का आमच्या शिवकन्याचं?" छबुबाई म्हणाली. "आलीस ते बरं झालं. धर हा झाडू."

मग दिवस कसा गेला ते गंगासागरला कळलंच नाही. दावणींच्या दोन रांगांच्या मधली मोकळी जागा झाडून तिथं मांडव घातला. मांडवाला आंब्याची डहाळी नावाला दोन, बाकी सगळा लिंबाचा पाला. छावणीतल्या बायांनी आपापल्या जनावरांची शिंगं गेरूनं रंगवली. कुणीतरी बैलांच्या गळ्यात फुगे बांधले, ते एका खोंडानं शिंगानं फोडले आणि सगळी दावण बुजली. एका कडेला बुंदी पडत होती, दुसऱ्या कडेला कडबा कुट्टीचं यंत्र घरघरत होतं. पेंडीचा, शेणाचा, तुपाचा आणि मोगऱ्याचा वास एकात एक मिसळला होता. गंगासागरला वाटलं, हा वास बाटलीत भरून ठेवावा. नवरीच्या हाताला मेंदी लावता लावता ती इतकी बोलली, की शिवकन्या म्हणाली, "गंगे, सुपारी कुठाय तुझी?"

"तोंडातच हाय," गंगासागर म्हणाली. सुपारी गालात सरकवून बोलता येतं, हे तिला सकाळीच कळलं होतं.

दुपारी छबुबाई हातात माईक घेऊन आली. पुकारा करायला येणारा पाव्हणा आजारी पडला होता. "तुला बोलायची लई हौस हाय न्हाई? धर. पर बोलशील ते नेमकं."

माईक! सुपारीनं काय होणार होतं माईकपुढं? पण तिनं तो घेतला, एकदा फुंकला, आणि मग थांबलीच नाही. "घागऱ्यावाली छोटी पोरगी आईला शोधायलीय, तिची आई स्वयंपाकाकडं असंल तर तिनं मांडवात यावं. डाव्या दावणीतली कालवड सुटलीय, ज्याची आसंल त्यानं धरावी, ती बुंदीकडं निघालीय." लोक हसत होते. आश्रुबांनी फेटा बांधता बांधता लांबून हात उंचावला. लाजरा, कमी बोलणारा माणूस तो. एवढं म्हणजे त्यांच्याकडून फारच झालं. गंगासागरला वाटलं, आज आपलं तोंड चांगल्या कामाला लागलं.

उन्हं कलायला लागली तसं वऱ्हाड आलं. नवरदेव शहादेव, वीज मंडळात वायरमन. दिंद्रुडच्या मारुतीचं दर्शन घेऊन हलगीच्या कडकडाटात वरात माळावर चढली. मुंडावळ्या, घामानं भिजलेला कोट, आणि तरी चेहऱ्यावर हसू. पुढं नवरदेवाचे मामा रामहरी, मिशीला पीळ. मागं नवरदेवाचे वडील बद्रीनाथ, उंच, काटक, पांढरंशुभ्र धोतर. बद्रीनाथांबद्दल शिवकन्यानं सांगून ठेवलं होतं, "मामंजी लई सावकाश बोलतेत. एक वाक्य सुरू केलं की मधी इतके थांबतेत, की आपन पानी पिऊन यावं." ते ऐकून गंगासागरच्या अंगावर काटाच आला होता.

वरात मांडवाच्या दाराशी आली, आणि त्याच वेळी टँकरही आला. एकच. सकाळी दोन यायचे होते. एक वाटेत बंद पडला होता आणि दुसऱ्याला उशीर झाला होता. छावणीतल्या जनावरांना सकाळपासून पाणी नव्हतं. टँकरमधल्या पाण्याचा वास येताच पहिल्यांदा एक म्हैस ओरडली, मग दुसरी, मग सगळी दावण. दोन्हीकडून असा हंबरडा उठला की हलगीवाल्यांनी हात थांबवले. दावी ताणली जात होती, खुंट्या हलत होत्या, वासरं कोरड्या हौदावर तोंड घासत होती.

पिण्याच्या पाण्याचे जार होते. पण व्याह्यांचे पाय धुवायचे, वऱ्हाडाला हातपाय धुवायला, न्हायला पाणी द्यायचं, हा मान. त्यासाठी टँकरमधून भरून ठेवायची दोन पिंपं आधीच सांगून ठेवलेली होती. छबुबाई पिंपांकडं धावली. आश्रुबांनी तिला हातानं अडवलं. मग ते वऱ्हाडासमोर येऊन हात जोडून उभे राहिले.

"पाव्हनं, माफी करा. पयलं जनावरांना पाजतो. सकाळपासनं तहानलेली हायेत. येवढंच पानी हाय. उरलं तर..."

आणि त्यांनी टँकरकडं बघितलं.

रामहरी मामांच्या मिश्या थरथरल्या. "म्हंजी? दोन तास उन्हातानातून आलाव आमी. नवरदेवाचे पाय धुतले न्हाईत, इवायाला तांब्या दिला न्हाई, आन म्हशीला हौद भरून? म्हशीचं लगीन हाय का पोरीचं?"

"बरोबर हाय मामाचं," मागून कुणीतरी म्हणालं. "बोलवून अपमान करायले."

आश्रुबांची मान आणखी खाली गेली. मांडवाच्या कनातीमागं शिवकन्या उभी होती. तिनं गंगासागरचा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. गंगासागरच्या दुसऱ्या हातात माईक होता, आणि तो चालू होता.

तेव्हा बद्रीनाथ पुढं आले. सगळे गप्प झाले, माणसं तरी. त्यांनी एकदा दावणीकडं बघितलं, एकदा आश्रुबांकडं.

"ज्या मांडवात..." बद्रीनाथ म्हणाले, आणि थांबले.

गंगासागरनं सुपारीवर दात रोवले.

"...पाव्हण्याच्या आदी..." पुन्हा थांबले. उपरण्यानं मान पुसली.

रामहरी मामा पाय आपटत होते. कुणी निघायच्या बेतानं चपला शोधत होतं.

"...जनावराला पानी पाजतेत, तिथं... आमी..."

आणि तिथं ते जे थांबले ते थांबलेच. एक वासरू हौदाची कोरडी कड चाटत होतं, त्याच्याकडं ते बघत राहिले. पुढचा शब्द 'थांबत नाही' असला तर? 'परत जातो' असला तर? गंगासागरला ते वाक्य दारासारखं उघडं दिसत होतं आणि आत वारा शिरत होता. तिच्या घशातून सुपारी खाली उतरली आणि तोंडातून शब्द बाहेर पडले.

"...तिथं आमी डोळे झाकून सोयरीक करतो!"

माईकवरून. चारही भोंग्यांतून. सगळ्या माळावर.

म्हशीसुद्धा एक क्षण गप्प झाल्या. सगळ्या माना कनातीकडं वळल्या. गंगासागरच्या हातातला माईक खाली पडला आणि त्यानं एक लांबलचक किंकाळी फोडली. तिला वाटलं, आता धरणी दुभंगावी. आई म्हणाली होती तेच झालं. एकीचं तोंड, आणि दुसरीचं लगीन मोडलं. छबुबाईनं कपाळावर हात मारून घेतला.

"कोन हाय ती?" बद्रीनाथांनी विचारलं.

गंगासागर कनातीबाहेर आली. "मी. गंगासागर. शिवकन्याच्या आफिसातली. चुकलं मामा. माझं तोंड..." आणि आयुष्यात पहिल्यांदा तिचं स्वतःचंच वाक्य अर्ध्यावर राहिलं.

बद्रीनाथांनी तिच्याकडं बराच वेळ बघितलं. त्यांच्या डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या पडल्या.

"न्हाई पोरी," ते म्हणाले. "मी ते म्हणनार नव्हतो." मग पुन्हा थांबले. गंगासागरनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. "मी म्हणनार व्हतो, तिथं आमी... बी बादली धरतो."

त्यांनी धोतराचा काचा मारला, उपरणं रामहरी मामांच्या खांद्यावर टाकलं आणि पिंपाशेजारची बादली उचलून टँकरच्या नळाखाली लावली.

मग नवरदेव शहादेव पुढं झाला. त्यानं कोट काढून हलगीवाल्याकडं दिला, मुंडावळ्या कानामागं सारल्या आणि दुसरी बादली घेतली. मग काय, एकच झुंबड उडाली. वऱ्हाडातले तरणे गडी, छावणीतले म्हातारे, इस्त्रीचे कपडे, बिनइस्त्रीचे कपडे, सगळे एका रांगेत. टँकरपासून दावणीपर्यंत बादल्या हातोहात जायला लागल्या. हलगीवाल्यांनाही राहवलं नाही. त्यांनी ताल धरला आणि त्या तालावर बादल्या सरकू लागल्या. गंगासागर पोपटी साडी खोचून रांगेत शिरली. तिच्या एका बाजूला छबुबाई, दुसऱ्या बाजूला नवरदेवाची मावशी. पाणी हिंदकळून साडी भिजली, गजरा ओघळला. समोर म्हशींची नाकं पाण्यात बुडत होती आणि गळ्यातून घटाघटा आवाज येत होता. असा आवाज तिनं कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. तिला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, आणि दोन्ही एकदम आलं.

रामहरी मामा काही वेळ उपरणं खांद्यावर घेऊन तसेच उभे राहिले. मग एक बैल त्यांच्याकडं बघून हंबरला.

"काय बे, तुलाबी माझ्याकडूनच पायजे का?" मामा म्हणाले, आणि बादली आणायला गेले.

पाणी पाजून झालं तोवर सूर्य माळाच्या कडेला टेकला होता. पंचांग बघत बसलेले गुरुजी म्हणाले, मुहूर्त अजून आहे, पण गडबड करा. आश्रुबांनी टँकरच्या तळातलं उरलेलं पाणी तांब्यात धरलं, आणून बद्रीनाथांच्या पायांवर घातलं. एवढंसंच. बद्रीनाथांनी त्यांना मधेच उठवून छातीशी धरलं.

दावण आता शांत होती. जनावरं ओल्या तोंडांनी रवंथ करत होती, आणि त्या शांततेत मंगलाष्टकं झाली. अंतरपाट दूर झाला, हलगी कडाडली. अक्षता म्हणून ज्वारी होती आणि तीही जपूनच उधळायची होती, पण गंगासागरनं मूठ भरून टाकली. दोन दाणे शेजारच्या म्हशीच्या पाठीवर पडले आणि तिनं शेपूट हलवली.

जेवणं झाली, आहेर झाले. मग नवरा-नवरीला बसायला केलेल्या शेडच्या तोंडाशी बाया आडव्या उभ्या राहिल्या. नाव घेतल्याशिवाय आत सोडणार नाही! शिवकन्या लाजून लाल झाली. "घे की! घे की!" चहूकडून गलका. गंगासागर तिच्या मागंच उभी होती, पदराचा बोळा तोंडात कोंबून. आज पुरे झालं होतं. आता जगबुडी झाली तरी तोंड उघडायचं नाही, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं.

शिवकन्या सुरू झाली, "दुधाच्या कॅनीवर साय आली दाट..."

आणि अडकली. घामानं भिजली, मेंदीचे हात एकमेकांत गुंतवले, ओठ हलले पण आवाज नाही.

"साय आली दाट, पुढं?" बाया ओरडल्या.

गंगासागरनं डोळे मिटले. बोळा आणखी आत कोंबला. तेवढ्यात तिच्या दंडाला सणसणीत चिमटा बसला. शिवकन्यानं मागं न बघता चिमटा काढला होता आणि दातांतल्या दातांत म्हणत होती, "सांग की गं, मेले!"

गंगासागरच्या तोंडून बोळा निसटला. "शहादेवरावांचं नाव घेते, सोडा माझी वाट!"

मग छबुबाईचा हलगीसारखा आवाज, "आगं सटवे! कुनाच्या नवऱ्याचं नाव कोन घेतंय?"

आणि असा हशा पिकला की शेडनेट हललं. बाया एकमेकींच्या अंगावर पडल्या. शहादेव कान धरून उभा राहिला. गंगासागरनं तोंड झाकून घेतलं. कान तापून लाल झाले होते. कुणीतरी ओरडलं, "बद्रीनाथ मामा, तुमी सांगा, हे चालतं का?"

सगळे बद्रीनाथांकडं वळले. ते खाटेवर बसले होते. त्यांनी विचार केला. सगळे थांबले. गंगासागरही थांबली.

"ह्ये मातर..." बद्रीनाथ म्हणाले, "...पोरीनं बरोबर सांगितलं."

पुन्हा हशा. मग शिवकन्यानं स्वतःच, हळूहळू, एक एक शब्द उच्चारत सगळं नाव पहिल्यापासून घेतलं. या वेळी कुणी मधे बोललं नाही. गंगासागरला जाणवलं, शिवकन्याचा आवाज इतका गोड आहे हे तिला ठाऊकच नव्हतं. शेजारी बसून दोन वर्षं झाली, आणि शेवटापर्यंत आपण तिला कधी बोलूच दिलं नव्हतं.

पाठवणी व्हायच्या आधी, त्या दिवशी लग्नापायी उशिरानं, दूध घालायची वेळ झाली. लगीन असलं तरी म्हशीचं आचळ थांबत नाही. छावणीच्या दाराशी संस्थेचं टेबल होतं. गंगासागर भिजलेल्या साडीनं तिथं जाऊन बसली आणि एकटीच मोजायला, फॅट काढायला लागली. बद्रीनाथ फिरत फिरत तिथं आले आणि शेजारच्या रिकाम्या कॅनवर बसले. दोन दूधवाले येऊन गेले.

"पोरी," शेवटी ते म्हणाले, "खरं सांगू का? मी पुढं आलो तवा... मला राग आल्ता. मी परत जायचंच म्हणनार व्हतो."

गंगासागरच्या हातातली नळी थांबली.

"पर मी बोलता बोलता थांबतो ना... लोकायला वाटतं, ह्याला शबूद सापडंना. खरं हाय ते. मला शेवट ठाऊक नसतो. थांबलं की... मग सापडतो. ते वासरू दिसलं. आन तेवढ्यात तू भोंग्यातून ओरडलीस." ते हसले. "मला वाटलं, येवढं गोड काय आपल्याच्यानं बोलवनार न्हाई. मग म्हटलं, बादली धरावी."

"मी ओरडले नसते तर?" तिनं विचारलं, आणि मग प्रयत्नपूर्वक गप्प बसली.

बद्रीनाथांनी खूप वेळ घेतला. एक बाई किटली घेऊन आली, दूध घालून, पावती घेऊन गेली. गंगासागर वाट बघत राहिली. तिच्या मनात तीन उत्तरं येऊन गेली, तिन्ही तिनं जिभेखाली दाबली. आणि गंमत म्हणजे, तिला ते थांबणं आवडलं. पुढं काय येणार ते ठाऊक नसतानाची ती हुरहूर, एसटीची वाट बघताना असायची तशी.

"कुनाला ठाव," बद्रीनाथ म्हणाले.

तिन्ही उत्तरांत हे नव्हतं. गंगासागर खळखळून हसली.

पाठवणीला सगळे रडले. आश्रुबा सगळ्यात जास्त रडले. रामहरी मामा त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होते. टेम्पोत चढताना शिवकन्यानं गंगासागरच्या गळ्यात हात टाकले आणि कानात काहीतरी सांगायला लागली. हुंदक्यांनी तिचे शब्द तुटत होते, पण गंगासागरनं ते सगळे, तुटलेले तसेच, ऐकून घेतले.

टेम्पो दिंद्रुडच्या रस्त्याला लागला. धूळ बसली. वाटेत बंद पडलेला दुसरा टँकर आता कुठं माळावर चढत होता, आणि त्याला बघून छावणीतल्या पोराटोरांनी आरोळी ठोकली. हलगीवाले सामान आवरायच्या बेतात होते, पण त्यांनी पुन्हा काठ्या हातात घेतल्या. आता कुणासाठी वाजवायचं नव्हतं. ते आपल्यासाठीच वाजवत होते. छबुबाईनं पदर कमरेला खोचला.

"ये गं आफिसवाली," ती म्हणाली. "नुसतं तोंडच चालतं, का पायबी चालतेत?"

गंगासागर आयुष्यात चारचौघांत नाचली नव्हती. तिनं फॅटचं यंत्र बंद केलं, कॅनचं झाकण लावलं, आणि ओली पोपटी साडी सावरत हलगीच्या दिशेनं पळत सुटली.